ओ आणि ओचं बी

रात्री साडेनऊच्या सुमाराला भाचीचा फोन आला. आवाज दबका होता, बहुतेक गच्चीवर जाऊन बोलत असावी. "आत्या, एक विचारू? ओ आणि ओचं बी होतं का गं?"

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. त्यासाठी बाईंनी घरातल्या तीन पिढ्यांच्या रक्तगटांचा तक्ता करून आणायला सांगितला होता. तिने मन लावून केला. आजोबा ओ, आजी बी, आत्या ओ, बाबा ओ, आई ओ, मी बी. सगळे पॉझिटिव्ह. बाईंनी शेवटच्या तिघांभोवती लाल पेनाने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘पुन्हा तपासा’. धड्याप्रमाणे बाईंचं बरोबर होतं. आई आणि वडील दोघंही ओ असतील तर मुलीला बी मिळणार कुठून? पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्या गोलाचा दुसरा अर्थही कळतो. शेजारच्या मैत्रिणीला दिसू नये म्हणून तिने वही मिटली, घरी आल्यावर आईला विचारलं नाही, बाबांना विचारलं नाही, आणि रात्री मला फोन केला.

मी म्हटलं, "तुझं चुकलेलं नाही, बाबांनी सांगितलं तेही खरं आहे, आणि बाईंनीही बरोबरच गोल केलाय. तू बाबांचीच आहेस. रविवारी येते, सगळं सांगते." फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ती नऊ वर्षांची होती तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं, की बाबा आजारी आहेत आणि आत्याने त्यांना रक्त दिलंय. ते अर्धंच होतं. उरलेलं सांगायची वेळ अशी लाल गोलातून येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

रविवारी सांगलीहून तासगावला जाताना गाडीत मनात जुळवणी करत होते, आणि माझ्याच कार्डापासून सुरुवात करायची असं ठरवलं.

१९९९ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉलमध्ये रक्तगट तपासणीचं शिबिर झालं होतं. लांबलचक रांग. बोटाला टोचायचं, पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे, एकात निळा द्राव, एकात पिवळा, एकात बिनरंगी. काडीने ढवळायचं, टाइल हलवायची, कुठल्या थेंबात दाणे धरले ते बघायचं. निळ्यात धरले तर ए, पिवळ्यात धरले तर बी, दोन्हींत धरले तर एबी, कशातच नाही तर ओ. बिनरंगी थेंबात दाणे दिसले की पॉझिटिव्ह. पाच मिनिटांत माझ्या हातात पिवळं कार्ड आलं: बी पॉझिटिव्ह. आई बी होती, धाकटा भाऊ बी होता, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. पुढे लग्नासाठी बायोडेटा छापला तेव्हा रास, नक्षत्र, नाडी, गण यांच्या खाली तेच लिहिलं. आपल्याकडे रक्तगट पत्रिकेच्या शेजारी बसतो, पत्रिकेइतकाच अढळ समजला जातो. एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, आणि एकाच गटाच्या दोघांनी लग्न करू नये, असं छातीठोक सांगणारी माणसं मला त्या काळात भेटली. त्यात काहीही तथ्य नाही. काळजी घ्यावी लागते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन १९६८पासून उपलब्ध आहे. माझं लग्न जुळलं नाही, पण त्याचं कारण रक्तगट नव्हतं.

रक्तदानाला मी दोन-तीनदा गेले होते. दर वेळी हिमोग्लोबिन कमी भरलं आणि परत पाठवलं. त्यामुळे त्या कार्डावरचं अक्षर पुन्हा कुणी तपासलंच नाही. वीस वर्षं मी बी पॉझिटिव्ह म्हणून वावरले.

२०१९च्या फेब्रुवारीत भावाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षबागांच्या पंपांचा हंगाम होता, तो रात्री उशिरापर्यंत बसायचा, त्यामुळे ताप आणि थकवा आम्ही त्यावरच ढकलला. दंडावर न लागता निळे डाग दिसायला लागले तेव्हा रक्त तपासलं आणि दोन दिवसांत आम्ही पुण्यात होतो. रक्ताचा कर्करोग, तीव्र स्वरूपाचा. केमोने रोग आटोक्यात आला, पण तो परतू नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, बदलायला सांगितलं. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया (लोक शस्त्रक्रिया म्हणतात, प्रत्यक्षात सलाईनसारखी पिशवी लावतात) १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पहिल्यांदा झाली. आमच्यापर्यंत ती पोचेपर्यंत मध्ये छत्तीस वर्षं गेली होती, आणि त्या छत्तीस वर्षांत शिकलेलं सगळं त्याच्या कामी आलं.

दाता शोधताना आधी जुळवतात ते एचएलए. पेशींवरच्या या खुणा सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांतून येतात, आणि सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे एचएलए तंतोतंत जुळलेल्या भावंडांचे रक्तगट वेगळे निघू शकतात, आणि निघाले तरी मॅरो देता येतो. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. माझं एचएलए जुळलं हे कळलं त्या दिवशी आई रुग्णालयाच्या पायरीवर बसून रडली, आणि मी रक्तपेढीच्या खिडकीशी माझं पिवळं कार्ड पुढे केलं.

टेक्निशियनने ते हातातही घेतलं नाही. "आम्ही कार्ड बघत नाही ताई, रक्त बघतो," म्हणाला. तासाभराने बाहेर आला. "तुम्ही ओ पॉझिटिव्ह आहात." मी म्हटलं, चूक असेल. त्याने शांतपणे पुन्हा नमुना घेतला, पुन्हा तोच निकाल. मग मला आत बोलावून दाखवलं. इथे टाइल नव्हती, बोटभर रुंदीचं जेल कार्ड होतं. पेशी द्रावाशी जुळल्या की गुठळ्या होऊन जेलच्या वर अडकतात, नाहीतर तळाला जातात. माझ्या पेशी ए आणि बी दोन्ही नळ्यांत तळाला गेल्या होत्या. मग उलटी तपासणी: पेशींऐवजी माझा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) घेऊन त्यात ठाऊक असलेल्या ए आणि बी पेशी सोडलेल्या. दोन्ही अडकल्या होत्या, कारण ओ माणसाच्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींच्या विरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. सुलट आणि उलट, दोन्ही निकाल एकाच अक्षरावर आले तरच ते अक्षर कागदावर लिहायचं, असा तिथला नियम. १९९९च्या त्या हॉलमध्ये उलट तपासणी नव्हती. टाइलवर थेंबाच्या कडा सुकल्या तरी दाणे धरल्यासारखं दिसतं. रांगेत दोन मुलींची नावं उलटसुलट झाली असण्याचीही शक्यता होती.

‘माझा रक्तगट बदलला’ असं म्हणणारी जी माणसं भेटतात त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. रक्त होतं तेच असतं, कागद चुकलेला असतो. माझ्या आधी रांगेत कोण होतं ते मला आठवत नाही. खरोखर अदलाबदल झाली असेल तर कुणी एक बाई गेली वीस-पंचवीस वर्षं ‘ओ पॉझिटिव्ह’ असं कार्ड पर्समध्ये ठेवून फिरत असेल. तिला कधी रक्त लागलं तर तिथला माणूसही कार्ड बाजूला ठेवून तिचं रक्त बघेल, एवढाच दिलासा.

हे सगळं भाचीला सांगत होते तेव्हा ती चौकात पाय सोडून बसली होती, मांडीवर वही. "पण बाबांचं तर खरंच बदललं ना?" तिने विचारलं. हो, बाबांचं खरंच बदललं. ते कसं, हे कळायला आधी रक्तगट म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं, आणि ते समजून घेताना मला स्वतःला फार आनंद झाला होता, म्हणून इथे जरा थांबते.

व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी सहकाऱ्यांचं आणि स्वतःचं रक्त एकमेकांत मिसळून बघितलं आणि काही जोड्यांत गुठळ्या होतात, काहींत होत नाहीत, हे १९०१ साली मांडलं. त्याआधी एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देणं हा जुगार होता. १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. गुठळ्या का होतात याचं उत्तर पुढे मिळालं, आणि ते उत्तर साखरेचं आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या मूळ रूपाला एच म्हणतात. ए गटाच्या माणसात एक विकर (एन्झाइम) त्या साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर जोडतं, बी गटाच्या माणसात दुसरी. बीची साखर म्हणजे गॅलॅक्टोज, दुधातल्या साखरेचा जो अर्धा भाग असतो तोच. ही दोन विकरं अमिनो आम्लांच्या साडेतीनशेहून थोड्या जास्त दुव्यांची, आणि त्यांच्यात फरक म्हणाल तर चार दुव्यांचा. ओ माणसात हे विकर निकामी असतं. बहुतेक ओ माणसांच्या जनुकात एक अक्षर गळलेलं असतं, त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं. म्हणून ओच्या साखळीचं टोक उघडं, नुसतं एच.

आता, तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती स्वतःहून काही ठरवत नाही. तिला कुठली साखर लागणार हे ठरतं मॅरोमधल्या मूळ पेशींच्या जनुकांवर. मूळ पेशी त्याच राहिल्या तर माणूस ऐंशी वर्षं जगो की शंभर, रक्तगट तोच. मूळ पेशीच दुसऱ्याच्या आल्या तर पुढे तयार होणारं रक्त त्या दुसऱ्याच्या गटाचं.

मला पाच दिवस इंजेक्शनं दिली. मॅरोतल्या मूळ पेशी रक्तात उतराव्यात म्हणून. कंबर आणि छातीचं हाड आतून ठणकायचं. मग मशीनला जोडलं, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून परत, साडेचार तास. ओठांना मुंग्या आल्या की सिस्टर कॅल्शियमची गोळी द्यायच्या. शेवटी एवढीशी पिशवी भरली, पातळ टोमॅटोच्या सारासारखा रंग. काचेपलीकडे भाऊ होता, डोक्यावर केस नाहीत, केमोने त्याचा स्वतःचा मॅरो पुसून टाकलेला. पिशवी लावली तो दिवस शून्य. तिथून पुढे सगळं त्या शून्यापासून मोजायचं. घरी कुणी तारीख विचारली तरी आम्ही "आज सातवा" असं सांगायचो.

त्याच्या फायलीवर लाल चिठ्ठी होती: तांबड्या पेशी ओ, प्लेटलेट बी किंवा एबी. तासगावहून दुकानातली पोरं सुमो भरून एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट) द्यायला यायची आणि ती चिठ्ठी वाचून गोंधळायची. एका माणसाला दोन गटांचं कसं चालेल? चालत होतं, कारण तो त्या दिवसांत दोन गटांच्या मधे होता. माझ्या ओ पेशी त्याच्यात रुजू पाहत होत्या, आणि माझ्या पेशींसोबत बीच्या विरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही गेल्या होत्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, दुसऱ्या आठवड्यात त्या उरलेल्या बी पेशी फोडू शकतात. दहाव्या दिवशी तसंच झालं. हिमोग्लोबिन खाली आलं, डोळे पिवळट दिसायला लागले, लघवीचा रंग गडद. माझ्या अंगातून गेलेल्या पेशी माझ्या भावाचं रक्त फोडत होत्या. मी तेव्हा काचेपाशी उभी राहून हात जोडले होते, कुणाला ते ठाऊक नाही, देवाला की त्या पेशींना. ओच्या पिशव्या चढवल्या, पाच-सहा दिवसांनी ते निवळलं. सतराव्या दिवशी पेशींचे काउंट वर आले.

सुरुवातीचे काही आठवडे त्याच्या तपासणीत जे ओ दिसत होतं ते पिशव्यांतून चढवलेलं रक्त होतं. मग रिपोर्टवर ‘मिश्र’ असं यायला लागलं. जेलमध्ये काही पेशी वर अडकलेल्या, काही तळाला. वरच्या बी, म्हणजे त्याच्या जुन्या, आणि दर वेळी त्या थोड्या कमी. नोव्हेंबरपर्यंत वर एकही उरली नाही. दुसऱ्या एका तपासणीत पेशींतली गुणसूत्रं बघतात. बहिणीने भावाला दिलं असेल तर ते सोपं जातं, भावाच्या पेशींत एक्स-वाय आणि माझ्या पेशींत एक्स-एक्स. त्या कागदावर लिहिलं होतं, रक्तातल्या पेशी एक्स-एक्स, दात्याच्या. तो कागद भावाने बराच वेळ हातात धरला. मग एवढंच विचारलं, "ताई, तुला कमी तर पडलं नाही ना?"

इथपर्यंत सगळं सरळ होतं. बीचा ओ झाला, विषय मिटला, असं मी समजत होते. पण वर्षभराने नियमित तपासणीत रक्तपेढीतून पुन्हा विचारणा आली, यांचं सुलट आणि उलट जुळत नाही. पेशी ओ सांगतात, प्लाझ्मा बी सांगतो. ओ माणसाच्या प्लाझ्मात बीच्या विरुद्ध प्रतिपिंडं हवीत, याच्यात ती नव्हती, फक्त एविरुद्ध होती. तिथल्या डॉक्टर बाईंनी समजावलं ते मी तोंडपाठ केलं आहे. एबीओच्या साखरा फक्त रक्तात नसतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर असतात, आतड्याच्या आवरणात असतात, आणि जवळपास ८० टक्के माणसांच्या लाळेतही उतरतात. मॅरो बदलला तरी हे सगळं मूळचंच राहतं. माझ्या पेशी त्याच्या अंगात गेल्या आणि त्यांना जिकडेतिकडे बी दिसला, प्रत्येक रक्तवाहिनीत, रोज. त्यांनी त्याला परका मानणं सोडून दिलं. माझ्या अंगात त्याच पेशींच्या बहिणी बीविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. त्याच्या अंगात बनवत नाहीत.

म्हणून ‘रक्तगट बदलतो का’ या प्रश्नाला एका अक्षरात उत्तर देणं मला आता जमत नाही. नळीत काढलेल्या रक्ताचा बदलला. माणसाचा नाही बदलला. त्वचा, केस, लाळ, आणि जे मुलांना द्यायचं ते बीज, सगळं जन्माचं. भाचीला मी हेच सांगितलं: तुझा बी बाबांकडूनच आला, आणि बाबांच्या रक्तात आता तो नाही म्हणून तक्त्यात तो कुठून आला ते दिसत नाही. आजीकडून बाबांना, बाबांकडून तुला. मला तो मिळालाच नव्हता. मी ओ, आजोबांसारखी.

ती म्हणाली, "अजून कुणाचं असं झालंय?" मग संध्याकाळ त्यातच गेली. ऑस्ट्रेलियातली एक मुलगी, यकृत बदललं तेव्हा नऊ वर्षांची. ती ओ निगेटिव्ह, यकृत देणारा बारा वर्षांचा मुलगा ओ पॉझिटिव्ह. यकृतासोबत त्याच्या मूळ पेशी गेल्या, तिच्या मॅरोत जाऊन बसल्या, आणि ती ओ पॉझिटिव्ह झाली. अवयव बदलल्यावर एरवी असं होत नाही. सिडनीच्या डॉक्टरांनी २००८ साली हे मांडलं तेव्हा तिची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही बंद झाली होती, कारण प्रतिकारशक्तीच आता त्या मुलाची होती. १९५३ साली इंग्लंडमधल्या एका बाईने रक्त दिलं आणि त्यात दोन गट सापडले, ओ आणि ए. तिला विचारलं, तुम्ही जुळ्या का? ती चकित झाली. जुळा भाऊ होता, तान्हेपणीच गेला होता. आईच्या पोटात दोघांच्या नाळेतून त्याच्या पेशी तिच्यात आल्या होत्या आणि तो गेल्यावरही त्याचं रक्त तिच्यात तयार होत राहिलं होतं. हे ऐकून भाची बराच वेळ काही बोलली नाही.

आजारानेही अक्षर फिकं होतं. रक्ताच्या कर्करोगात कधी कधी पेशींवरची साखर इतकी कमी होते की ए माणूस ओ वाटावा. रोग आटोक्यात आला की ते अक्षर परत उमटतं. आतड्याच्या कर्करोगात किंवा गंभीर जंतुसंसर्गात उलटं होऊ शकतं: जंतूंचं विकर ए गटाच्या साखरेचा एक तुकडा तोडतं, उरलेली साखर बीच्या गॅलॅक्टोजसारखी दिसते, आणि ए गटाचा रुग्ण काही काळ एबी वाटू लागतो. १९५९ साली याची पहिली नोंद झाली. हे सगळे बदल वरवरचे, जनुकं जिथल्या तिथे. अगदी तान्ह्या बाळांत साखळ्या पुरत्या वाढलेल्या नसतात, प्रतिपिंडंही पहिल्या काही महिन्यांनंतर तयार होतात, म्हणून जन्मतः तपासलेला गट मोठेपणी एकदा पडताळून घ्यावा.

आणि मुंबई. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत अशी माणसं सापडली, की ज्यांच्या पेशी ए, बी कशालाच दाद देत नव्हत्या, तरी ओचं रक्त त्यांना चालत नव्हतं. त्यांच्या साखळीवर मुळातलं एचच नव्हतं. पायाच नाही म्हटल्यावर ए किंवा बी जोडणार कशाला? जगभरच्या पुस्तकांत त्या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव आहे. आपल्याकडे साधारण १० हजारांत एक, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ. टाइलवर हा माणूस ओ दिसतो. त्याला रक्त द्यायची वेळ आली आणि क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे पिशवीतलं रक्त आधी त्याच्या रक्ताशी जुळवून बघताना, ओच्या प्रत्येक पिशवीशी गुठळ्या झाल्या की मग कळतं. त्यालाही वाटतं आपला गट बदलला. आणि अशा माणसात ए किंवा बीचं जनुक दडलेलं असू शकतं, ते मुलांत उमटतं. म्हणजे बाईंच्या लाल गोलातलं कोडं असंही सुटू शकतं. कागदावर ओ असलेल्या दोघांचं मूल बी निघालं म्हणून कुणी कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये, हे मी भाचीला जरा जोरातच सांगितलं. तिची आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

आमच्या आईला त्या वर्षभर दुसरीच चिंता होती. रक्त बदललं, आता स्वभाव बदलेल का? नात्यातल्या कुणी सांगितलं होतं, तो आता बहिणीसारखा होणार. आई बारकाईने बघत राहायची. तो कारलं अजूनही ताटाबाहेर काढतो, मला कारलं आवडतं. तो अजूनही रागावला की दुकानाचं शटर जोरात ओढतो. रक्तगटावरून स्वभाव सांगणारे, आहार सांगणारे निरोप फोनवर फिरत असतात, त्यांना माझं उत्तर तो शटरचा आवाज आहे.

भाचीने मात्र तक्ता नव्याने काढला. बाबांच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या: ‘जन्मापासून बी पॉझिटिव्ह. २०१९पासून रक्त ओ पॉझिटिव्ह (आत्याकडून)’. शेजारी पुरावा म्हणून दोन झेरॉक्स चिकटवल्या, रक्तपेढीचा शेवटचा रिपोर्ट आणि बाबांचं जुनं लायसन्स. बाईंनी वाचलं, लाल गोलावर सही केली आणि तिला वर्गात सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. ती पंधरा मिनिटं बोलली म्हणे. घरी येऊन दप्तर टाकलं आणि बाबांना म्हणाली, लायसन्सवर अजून बी आहे, ते बदलून घ्या.

खरंच राहून गेलं होतं. सहा वर्षं त्याच्या पाकिटात ट्रान्सप्लांटचं कार्ड आहे, त्यावर आधीचा गट, दात्याचा गट आणि तारीख लिहिलेली आहे. दवाखान्यात जाताना आम्ही ते आधी दाखवतो. पण रस्त्यात काही झालं तर लोक आधी लायसन्स काढतील. रक्तपेढी तपासल्याशिवाय देणार नाही हे खरं, तरी ते अक्षर तिथे नको. गुरुवारी दुकान बंद असतं. सांगलीला माझ्याकडे जेवून दोघांनी मिळून आरटीओत जायचं ठरलंय. रिपोर्टची मूळ प्रत त्याच्याकडे आहे. झेरॉक्सच्या दोन प्रती मी काढून ठेवल्या आहेत.